कॉलिन चॅपमन : गाडी हलकी करणारा इंजिनिअर आणि त्या हलकेपणाची किंमत

माझी डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची. आपल्याकडे हे काही नवीन नाही. पण त्या डिग्रीचा मला एकदा तरी उपयोग व्हायला हवा होता आणि नेमका तेव्हाच झाला नाही.

तीन वर्षांपूर्वी पुण्यात एक सेकंडहँड हॅचबॅक घेतली. गाडी जरा खाली बसलेली दिसावी म्हणून एका गॅरेजमध्ये चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून घेतला. खर्च किरकोळ, लुक झकास. दोन आठवड्यांनी ताम्हिणी घाटात एका वळणावर, डांबराच्या ठिगळावरून जाताना गाडीची मागची बाजू सरळ बाहेर उडाली. स्पीड साठसुद्धा नव्हता. मी घाबरून स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी पलीकडच्या लेनमध्ये गेली. समोरून काही येत नव्हतं, एवढंच माझं नशीब.

घरी आल्यावर जे गणित आधी करायला हवं होतं ते केलं. समजा स्प्रिंगचे काम करणारे आठ वेढे आहेत. एक कापला की सात उरतात. तार तीच, व्यास तोच, म्हणून कडकपणा आठ भागिले सात, म्हणजे साधारण १४ टक्के वाढतो. शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगच्या हिशेबाचा राहतो. त्यात गाडी खाली आल्यामुळे चाकाला वर जायला जागा कमी उरते. मोठा दणका बसला की शॉकअपवरचा रबरी स्टॉप आपटतो आणि त्या क्षणी सस्पेन्शन जवळजवळ दगड होतं. चाक रस्त्यावरून उचललं जातं, आणि जे टायर रस्त्याला टेकलेलं नाही त्याला ग्रिप कुठून येणार?

हे सगळं वाचताना एक नाव सारखं समोर यायला लागलं, ते कॉलिन चॅपमन यांचं. लोटस कंपनीचे संस्थापक. गाडी वळणावर कशी वागावी याबद्दल त्यांच्याइतका परिणाम फार थोड्या लोकांनी केला. आणि गाडीतून काय काढावं, किती काढावं, कुठे थांबावं हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात जितका महागात पडला, तितका क्वचितच कुणाच्या पडला असेल. म्हणून आज त्यांची गोष्ट.

न विकली गेलेली ऑस्टिन

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ चा, इंग्लंडमधल्या रिचमंडचा. लहानपण उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात गेलं. तिथे त्यांचे वडील रेल्वे हॉटेल नावाचा पब चालवायचे. पुढे त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतलं ते स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचं, म्हणजे पूल आणि इमारती कशा उभ्या राहतात त्याचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. कॉलेजात असतानाच ते विमान चालवायलाही शिकले.

शिकता शिकता एका मित्राबरोबर त्यांनी जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला. युद्ध नुकतंच संपलेलं, नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्यांना मागणी होती. पण १९४७ मध्ये सरकारने खाजगी गाड्यांना मिळणारा पेट्रोलचा मूळ कोटाच बंद केला आणि बाजार झोपला. शेवटी हातात उरली ती जुनी ऑस्टिन सेव्हन. तिला गिऱ्हाईक मिळेना.

मग चॅपमन यांनी ती खोलली. जुनी बॉडी काढून टाकली आणि प्लायवूडवर अॅल्युमिनियमचा पत्रा चढवून नवी, हलकी पण ताठ बॉडी बनवली. हे काम चाललं होतं मैत्रीण हेझेल विल्यम्स यांच्या घरच्या गॅरेजमध्ये. चिखलातल्या चढांच्या स्पर्धांसाठी तयार झालेली ती गाडी म्हणजे १९४८ ची पहिली लोटस. आज जिला आपण मॉडिफाइड कार म्हणतो, तशीच. पुढे हेझेल यांच्याशीच त्यांचं लग्न झालं आणि कंपनी उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला.

आता स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचा मुद्दा. पूल बांधणारा माणूस प्रत्येक भागाकडे बघून एकच प्रश्न विचारतो : भार कुठून येतो आणि कुठे जातो? ज्या भागातून भार जातो तो ठेवायचा, तो पुरेसा मजबूत करायचा. ज्यातून काहीच जात नाही ते निव्वळ ओझं. चॅपमन यांनी हीच नजर गाडीला लावली. शिवाय एकाच भागाकडून दोन कामं करून घेता आली तर दुसरा भाग काढूनच टाकायचा. त्यांची पुढची तीस वर्षांची सगळी डिझाइन्स या एका सवयीतून निघालेली आहेत.

नियमांच्या फटी

१९५१ मध्ये त्यांनी ७५० सीसी गटाच्या रेससाठी मार्क ३ बनवली. ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण आत हवा घ्यायच्या वाटा दोनच. दोन-दोन सिलिंडर एकेका वाटेत भागीदार, त्यामुळे एकाची हवा दुसरा ओढायचा. चॅपमन आणि त्यांच्या साथीदारांनी त्या वाटा आतून विभागून प्रत्येक सिलिंडरला स्वतःची वाट दिली. इंजिन तेच, पण ताकद इतरांपेक्षा बरीच जास्त. इतकी की पुढच्या मोसमासाठी नियम बदलून ही युक्ती बंद करावी लागली. नियमात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहिलंय ते वाचायची त्यांची पद्धत इथूनच दिसते.

१९५२ मध्ये लोटस इंजिनिअरिंग ही कंपनी सुरू झाली. तिची मार्क ६ ही गाडी किटच्या रूपात मिळायची. बारीक नळ्यांची चासी आणि बॉडी लोटसकडून घ्या, इंजिन-गिअरबॉक्स फोर्डच्या साध्या गाडीतून आणा आणि घरी जोडा. सुट्या भागांवर पूर्ण गाडीवरचा कर लागत नसल्याने ती स्वस्त पडायची. पुढच्या सस्पेन्शनसाठी त्यांनी फोर्डचा सरळसोट अॅक्सल चक्क मधोमध कापला आणि दोन्ही अर्धे मध्यभागी बिजागरीवर बसवले. आता एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं त्याच्याबरोबर ओढलं जात नव्हतं. कापलं त्यांनीही आणि कापलं मीही. फरक एवढाच की कापल्यावर भार कुठून जाणार हे त्यांना माहीत होतं.

मऊ स्प्रिंग, ताठ चासी

रेसिंगची गाडी म्हणजे कडक सस्पेन्शन, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. त्या काळच्या बऱ्याच स्पोर्ट्स कार अशाच होत्या : चासी लवचीक आणि स्प्रिंग कडक. त्यात गोची अशी की चासीच पिळली जाते, तीच एक स्प्रिंग होऊन बसते आणि तिला आवरायला शॉकअप नसतो. चाकांचे कोन बिघडतात, ड्रायव्हरला गाडीचा अंदाज येत नाही.

चॅपमन यांनी उलटं केलं. चासी ताठ, गाडी हलकी, स्प्रिंग मऊ, चाकाला वर-खाली जायला भरपूर जागा आणि ती हालचाल आवरणारे नीट जुळवलेले शॉकअप. मऊ स्प्रिंगमुळे चाक रस्त्याचा प्रत्येक उंचवटा गिळतं आणि टायरवरचा दाब फार कमी-जास्त होत नाही. टायरवरचा दाब जितका स्थिर, तितकी ग्रिप भरवशाची. हे हलक्या गाडीतच नीट जमतं. जड गाडीला मऊ स्प्रिंग दिली तर ती वळणावर होडीसारखी कलते.

याचा उत्तम नमुना म्हणजे १९६२ ची एलान. रॉन हिकमन यांनी डिझाइन केलेल्या या गाडीत पत्र्याचा एक पोकळ कणा मधून जातो आणि दोन्ही टोकांना फाटे फुटून तिथे सस्पेन्शन बसतं. वर फायबरची बॉडी. वजन ७०० किलोच्या आत. मागच्या चाकांना जे स्ट्रट आहेत त्यांना चॅपमन स्ट्रट म्हणतात. आपल्या बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या चाकांना असतो त्या मॅकफर्सन स्ट्रटचाच हा मागचा भाऊ. मूळ कल्पनेत तर चाक फिरवणारा शाफ्टच चाकाला आडवं धरून ठेवायचंही काम करायचा. एक भाग, दोन कामं.

लोटस कॉर्टिना : मॉडिफिकेशनचा धडा

गाडी मॉडिफाय करणाऱ्यांनी चॅपमन यांची एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचावी. फोर्डला आपली साधी कौटुंबिक कॉर्टिना रेसमध्ये जिंकताना बघायची होती. त्यासाठी नियमाप्रमाणे अशा १००० गाड्या बनवणं भाग होतं. काम लोटसकडे आलं आणि १९६३ मध्ये लोटस कॉर्टिना बाजारात आली.

बदलांची यादी आजच्या कुठल्याही प्रोजेक्ट कारची वाटेल. १५५८ सीसीचं, दोन कॅमशाफ्टचं, १०५ हॉर्सपॉवरचं इंजिन. दरवाजे, बोनेट आणि डिकीचं झाकण अॅल्युमिनियमचं. चाकं रुंद. गाडीची उंची कमी. बॅटरी पुढून उचलून डिकीत, म्हणजे नाकावरचं वजन कमी. आणि सर्वांत मोठा बदल मागच्या सस्पेन्शनमध्ये.

साध्या कॉर्टिनाला मागे पाटे होते. पाटा दिसायला गावठी, पण एकाच वेळी दोन कामं करतो : भार झेलतो आणि अॅक्सल जागेवर धरून ठेवतो. चॅपमन यांनी पाटे काढून कॉइल स्प्रिंग लावल्या. कॉइल स्प्रिंग फक्त वर-खालीचा भार घेते. मग अॅक्सल धरणार कोण? त्यासाठी त्यांनी इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा एक ब्रॅकेट आणला आणि त्याचं टोक डिफरन्शियलच्या खाली जोडलं.

ट्रॅकवर गाडी अफलातून चालली. जिम क्लार्क पुढचं आतलं चाक हवेत उचलून वळणं घ्यायचे आणि १९६४ ची ब्रिटिश सलून कार स्पर्धा त्यांनी याच गाडीत जिंकली. पण रोजच्या रस्त्यावर प्रश्न आला. वळणांचा सगळा आडवा भार आता डिफरन्शियलच्या घरावर येत होता आणि ते घर त्या भारासाठी बनलेलंच नव्हतं. सांधे सैल व्हायचे, तेल गळायचं, आणि ते तेल ब्रॅकेटच्या रबरी बुशवर पडून बुश खराब व्हायचे. शेवटी १९६५ मध्ये लोटस कॉर्टिना परत पाट्यांवर आली, जोडीला अॅक्सल धरणाऱ्या दोन दांड्या.

म्हणजे भाराचं शास्त्र कोळून प्यायलेल्या माणसाकडूनही हे झालं. एक भाग काढला की त्याचं काम नाहीसं होत नाही. ते शेजारच्या कुणाच्या तरी डोक्यावर जातं. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही जुना, कुरूप दिसणारा कोड उडवल्यावर तो गुपचूप काय सांभाळत होता ते कळतं, पण तिथे फार तर सर्व्हर बसतो.

ट्रॅकवरचा हिशेब

फॉर्म्युला वनमध्ये चॅपमन यांनी एकामागून एक पायंडे पाडले. १९६२ च्या लोटस २५ मध्ये नळ्यांची चासी जाऊन अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं बंद कवच आलं. आधीच्या चासीच्या तिप्पट ताठ आणि वजनाला निम्मं. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिनच चासीचा भाग झालं. कॉसवर्थचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे बोल्टने जोडलं आणि मागचं सस्पेन्शन थेट इंजिनाला. मागची चासी बनवायचीच गरज उरली नाही. आजही फॉर्म्युला वनच्या गाड्या याच पद्धतीने बांधतात. १९६३ ते १९७८ या काळात लोटसच्या गाड्यांनी ड्रायव्हरांची सहा आणि संघाची सात जगज्जेतेपदं मिळवली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९६० च्या बेल्जियन ग्रांप्रीच्या सरावात स्टर्लिंग मॉस यांच्या लोटसचं मागचं चाक निखळलं आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच सरावात माइक टेलर यांच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं. त्यांची कारकीर्द तिथेच संपली आणि ते लोटसविरुद्ध कोर्टात गेले. १९६८ मध्ये हॉकेनहाइमला जिम क्लार्क गेले. चॅपमन यांचे ते सर्वांत जवळचे ड्रायव्हर होते.

१९६९ च्या स्पॅनिश ग्रांप्रीत ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही लोटसचे मागचे उंच पंख एकाच रेसमध्ये मोडले. दोघंही वाचले. त्यानंतर रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा : तुमच्या गाड्या इतक्या वेगवान आहेत की कमजोर भागांवर थोडं वजन वाढवलं तरी आपण स्पर्धेत टिकून राहू, तेव्हा ते करा, कारण माझा गाडीवरचा विश्वास उडायची वेळ आता जवळ आली आहे.

१९७० मध्ये लोटस ७२ आली. तिचे पुढचे ब्रेक चाकात नव्हते, आत बॉडीला बसवलेले होते. कल्पना चांगली होती. स्प्रिंगच्या पलीकडचं, चाकाबरोबर उड्या मारणारं वजन जितकं कमी, तितकं चाक रस्त्याला चिकटून राहतं. पण ब्रेक आत गेला की ब्रेकचा जोर चाकापर्यंत नेायला एक शाफ्ट लागतो. बाहेर ब्रेक असलेल्या गाडीत हा शाफ्ट नसतोच. पुन्हा तेच : काम हललं आणि नव्या भागावर गेलं.

५ सप्टेंबर १९७० ला माँझाच्या सरावात, वेगातून ब्रेक लावताना रिंट यांच्या गाडीचा उजवा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला. गाडी कठड्यावर आदळली आणि रिंट यांचा मृत्यू झाला. ते २८ वर्षांचे होते, म्हणजे आज मी आहे साधारण त्याच वयाचे. उरलेल्या रेसमध्ये त्यांचे गुण कुणालाच ओलांडता आले नाहीत आणि ते मरणोत्तर जगज्जेते ठरले. इटलीत खटला अनेक वर्षं चालला. अपघाताची सुरुवात शाफ्टमुळे झाली, पण मृत्यूला नीट न बसवलेला कठडा कारणीभूत ठरला, असा निष्कर्ष निघाला आणि चॅपमन निर्दोष सुटले.

कायद्याचा हिशेब तिथे मिटला. पण इंजिनिअर म्हणून मला ते पत्र विसरता येत नाही. थोडं वजन वाढवा, एवढीच मागणी होती, आणि ती गाडी चालवणाऱ्या माणसाकडून आलेली होती.

शेवटची वर्षं

१९७७-७८ मध्ये चॅपमन यांनी गाडीच्या पोटाला उलट्या पंखाचा आकार दिला. हवाच गाडीला रस्त्याकडे ओढू लागली. मारिओ आंद्रेत्ती १९७८ चे जगज्जेते झाले. पण त्याच वर्षी माँझाच्या अपघातानंतर लोटसचे रॉनी पीटरसन गेले.

या हवेच्या खेळात एक अडचण होती. पोट आणि रस्ता यांतलं अंतर बदललं की ओढ बदलते, म्हणून स्प्रिंग दगडासारख्या कडक कराव्या लागायच्या. मऊ स्प्रिंगच्या माणसाला हे कसं चालणार? १९८१ च्या लोटस ८८ मध्ये त्यांनी दोन चासी दिल्या. बाहेरची हवेचा भार थेट चाकांवर टाकणारी, आतली ड्रायव्हरला मऊ स्प्रिंगवर सांभाळणारी. बाकी संघांनी तक्रारी केल्या आणि गाडीवर बंदी आली.

याच काळात डिलोरियन प्रकरणही आहे. डिलोरियन गाडीचं इंजिनिअरिंग लोटसने केलं, पण त्यासाठीचे लाखो डॉलर, ज्यात ब्रिटिश सरकारचाही पैसा होता, भलतीकडेच वळवले गेले. लोटसचे अर्थप्रमुख फ्रेड बुशेल यांना १९९२ मध्ये तुरुंगवास झाला. चॅपमन जिवंत असते तर त्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा दिली असती, अशा अर्थाचं न्यायाधीश तेव्हा म्हणाले. नियमांच्या फटी शोधण्याची सवय ट्रॅकपुरती राहिली नव्हती.

१६ डिसेंबर १९८२ ला पहाटे नॉरफॉकमधल्या राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन गेले. वय ५४. त्याच दिवशी त्यांच्या संघाने एका वेगळ्याच गाडीची चाचणी घेतली. तिच्यात स्प्रिंगचं काम हायड्रॉलिक्स करत होतं आणि कोणत्या चाकाने किती हलायचं ते काँप्युटर ठरवत होता. हेच अॅक्टिव्ह सस्पेन्शन. १९८७ मध्ये आयर्टन सेना यांनी असं सस्पेन्शन असलेली लोटस ९९टी मोनॅकोत जिंकून दाखवली.

माझ्या गाडीचं काय झालं?

मी मूळ मापाच्या चार नव्या स्प्रिंग घेतल्या, मागचे थकलेले शॉकअप बदलले, बुश तपासले, अलाइनमेंट केलं आणि डिकीत वर्षभर फिरणारं सामान बाहेर काढलं. गाडी आता खाली बसलेली दिसत नाही. पण ताम्हिणीतल्या त्याच ठिगळावरून गेलो तेव्हा ती एकदा खाली गेली, वर आली आणि गप्प झाली.

तुम्हालाही गाडीत बदल करायचे असतील तर आधी कायदा बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे वाहनाच्या मूळ रचनेत हवा तसा बदल करता येत नाही. त्यानंतर क्रम हा ठेवा : टायर, ब्रेक, शॉकअप, बुश, आणि मग बाकीचं. स्प्रिंग कापू नका. कमी उंचीची हवीच असेल तर त्या मॉडेलसाठी बनवलेली, जुळणाऱ्या शॉकअपसकट घ्या. आणि कुठलाही भाग काढण्याआधी गॅरेजवाल्याला एक प्रश्न विचारा : हा जो भार घेत होता, तो आता कोण घेणार? उत्तर मिळालं नाही तर गाडी तशीच घरी आणा.